रविवारची वाटी

रोह्याजवळच्या निडी गावात गिरजाबाईंनी घराची मागची खोली भाड्यानं दिली ती मुलगा पनवेलला राहायला गेल्यावर. एवढ्या घरात एकटं माणूस, कुणाची तरी चाहूल असावी म्हणून. राहायला आलं झारखंडचं जोडपं. अनमोल केरकेट्टा रोह्याच्या एका कंपनीत शिफ्टवर जायचा, बायको सलोमी घरीच असायची. ही माणसं किरिस्ताव आहेत, हे गिरजाबाईंना पहिल्या रविवारी कळलं. दोघं रोह्याला प्रार्थनेला जाऊन आली आणि दुपारी सलोमी झाकलेली वाटी घेऊन दारात उभी राहिली.

बांबूचे कोंब आंबवून केलेली भाजी, असं तिनं मोडक्यातोडक्या मराठीत समजावलं. गिरजाबाईंनी हसून वाटी घेतली, दार लोटलं आणि भाजी गोठ्यात गाईपुढे ओतली. एक तर तो वास, त्यात परक्या देवाच्या माणसांचं अन्न. रिकामी वाटी कशी द्यायची म्हणून तीत मूठभर तांदूळ घालून परत केली.

पुढच्या रविवारी पुन्हा वाटी आली. कधी तांदूळ-डाळीचे तळलेले वडे, कधी कसलीशी लालसर चटणी. वर्ष सरलं. सलोमीनं कधी चव विचारली नाही, गिरजाबाईंनी सांगितली नाही.

त्या भादव्यात गिरजाबाईंना तापानं धरलं. गोळ्यांनी ताप उतरला, पण तोंडाची चवच गेली. घास तोंडाशी नेला की मळमळायचं. शेजारच्या सरूनं मऊ भात दिला, लिंबाचं लोणचं दिलं, काही चालेना. मुलगा यायला निघाला होता. कापणीसाठी रजा राखून ठेव, असं सांगून गिरजाबाईंनीच त्याला थांबवलं. अंगातलं बळ मात्र रोज उतरत होतं.

चौथ्या दिवशी सकाळी सलोमी गरम पेज घेऊन आली. पेजेत काळपट पानं होती. पिंपळाच्या जातीच्या एका झाडाची ही पानं तिनं गावाहून वाळवून आणलेली. आजाऱ्याला आमच्याकडे हेच देतात, म्हणाली. मग डोळे मिटून ओठातल्या ओठात काही पुटपुटली आणि पहिला चमचा पुढे केला. नको म्हणायचंही त्राण गिरजाबाईंना नव्हतं. आंबट, किंचित तुरट. किती दिवसांनी जिभेला काही कळलं. वाटी संपली, आणि त्यांनी आणखी मागितली.

दुपारी त्यांना राहवेना.

“सलोमी, तू आणलेलं आजवर कायपण खाल्लं नाय गो मी. सगळं गाईला घातलं.”

“मालूम हाय, काकी. माझ्या खिडकीतून गोठा दिसते.”

“मग आणायचीस कशाला?”

सलोमीनं जरा विचार केला. “प्रभूनं सांगितलं, शेजाऱ्यावर प्रेम कर. मला मराठी येत नव्हती. जेवण बनवायला येत होतं.”

गिरजाबाई भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या.

नाताळात सलोमीनं त्यांना जेवायला बोलावलं. तिकडं गेलीस तर बाटवतील, असं सरू म्हणाली.

“जेवायला बोलावलंय,” गिरजाबाई म्हणाल्या, “देव बदलायला नाय.”

वालाचं बिरडं घेऊन त्या मागच्या खोलीत गेल्या. रोह्याहून दहाबारा माणसं आली होती. सलोमीनं आपल्या भाषेत प्रार्थना म्हटली. गिरजाबाईंना त्यातलं स्वतःचं नाव तेवढं समजलं. देवळात जोडावेत तसे त्यांनी हात जोडले.

मग पानं वाढली. एका बाईनं बिरड्याचा घास घेतला आणि कडवटपणानं तिचा चेहरा बदलला. गिरजाबाईंना हसू आलं. सवय लागेपर्यंत असंच होतं, असं म्हणून त्यांनी तिला भात वाढला आणि वाल भिजवून मोड कसे आणायचे, सालं कशी काढायची ते सांगितलं.

पुढच्या शनिवारी ती बाई रोह्याहून आली, मोड आलेले वाल डब्यात घेऊन. तिला ते सोलता येईनात. गिरजाबाईंनी सलोमीलाही हाक मारली आणि तिघी पडवीत सोलत बसल्या.