हर्टीनाचा डावा गाल

स्प्रिंगडेलमध्ये बेटांवरून आलेल्या आम्हा लोकांत कुणाचंही पोर वर्षाचं झालं की पहिला फोन हर्टीनाला जायचा. केमेमची रांग तिच्याशिवाय लागतच नसे. पोर एक वर्ष जगलं, आता ते राहणार, म्हणून हा सोहळा. शेकडो माणसं गात-नाचत एकामागून एक येतात, पोराची पापी घेतात, भेट ठेवतात. सगळ्यांच्या पुढे हर्टीना. कोंबड्यांच्या कारखान्यात हाडं काढून काढून तिची बोटं वाकडी झाली होती. आवाज मात्र शाबूत होता. आजीला आम्ही बुबू म्हणतो. ती अख्ख्या वस्तीचीच बुबू होती.

त्या हिवाळ्यात गालगुंडाची साथ आली. एकेका घरात दहा-बारा माणसं, त्यामुळे एकाचा गाल उतरेपर्यंत दुसऱ्याचा चढायचा. रविवारी चर्चमध्ये आरोग्य खात्याची ऐटेल, आमच्यातलीच पोरगी, उभी राहिली.

"गाल सुजला तर पाच दिवस घरी बसा. ज्यांचे लशीचे डोस राहिलेत त्यांनी घ्या."

"माझ्या पोराने दोन्ही घेतलेत," मागून बिलिमोन ओरडला. हर्टीनाचा हा धाकटा भाऊ. "तरी तोंड बघ त्याचं. भोपळा!"

"दोन घेऊनही एखाद्याला होतो, काका. न घेतलेल्यांचं तर विचारूच नका."

"म्हणजे तो एखादा नेमका आमच्याच घरात?"

लोक हसले. हर्टीना वळली. "बिली, खाली बस. आणि सगळे ऐका. शनिवारी माझ्या नातीचं केमेम आहे. सुजलेलं तोंड घेऊन कुणी यायचं नाही. दारात मी उभी असेन."

आमच्याकडे आलेल्या माणसाला कुणी परत पाठवत नाही. पण ती हर्टीना होती.

नात नेइमा वर्षाची होऊन महिना उलटला होता. हॉल मिळाला नाही, हवाईचे पाहुणे यायचे होते, म्हणून केमेम लांबलं. चर्चच्या बाहेर ऐटेलने विचारलं, "नेइमाला टोचलं ना?"

सून रोसिना सासूकडे बघायला लागली.

"केमेम झाल्यावर," हर्टीना म्हणाली. "टोचलं की ताप, तापाची किरकिर. फोटोत काय रडकं पोर दाखवू?"

"बुबू, उद्याच आणा."

"सांगितलं ना. शनिवारनंतर."

शनिवारी सकाळी हर्टीनाने आंबवलेल्या काकडीचा तुकडा तोंडात टाकला आणि कळ थेट कानात गेली. आरशात डावा गाल वेगळाच दिसत होता. रोसिना फुलांचा मुकुट घेऊन आली.

"लांब राहा. पोर कुठाय?"

"झोपलीय. काय झालं? अहो, दाताचं असेल."

"त्या बाजूला दात उरलेत कुठे?"

"मग रांग कोण चालवणार?"

"पाद्रीणबाई."

"त्यांनी सूर लावला की कुत्री भुंकतात."

"मग कुत्र्यांनाही जेवायला घाला."

रोसिनाचे डोळे भरले. "स्कार्फ बांधा ना. कुणाला कळतंय?"

हर्टीनाने खुर्चीवरचा स्कार्फ उचलला, हनुवटीखालून बांधला, आरशात पाहिलं. खरंच काही कळत नव्हतं.

"काल रात्री तिला कुणी झोपवलं गं?"

"तुम्हीच."

हर्टीनाने गाठ सोडली आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

दुपारी स्वयंपाकघराच्या दारात बिलिमोन उभा. हातात झाकलेलं ताट, कॉलर कानापर्यंत वर.

"आत येऊ नकोस, बिली. लागेल तुला."

त्याने कॉलर खाली केली. उजवा गाल.

"आणि तसाच गेलास? दारात कुणी अडवलं नाही?"

"दारात तू होतीस कुठे? रांगेत पुढचा विचारायला लागला, बुबू कुठाय? म्हटलं, गाल सुजलाय, घरी बसलीय. एवढं बोललो आणि माझाच गाल ठणकायला लागला. निघालो."

"पापी घेतलीस?"

"नाही गं. माझ्यापुढे अजून वीस माणसं होती."

तिने पायाने खुर्ची त्याच्याकडे सरकवली. संध्याकाळी ती त्याच्या घरी राहायला गेली.

सोमवारी रोसिनाने नेइमाला टोचून आणलं. तिथली नर्स म्हणाली होती, हा डोस पुढच्यासाठी. आधीच लागण झाली असेल तर तो काही थांबवणार नाही, साडेतीन आठवडे लक्ष ठेवा. रोसिनाने ते फोनवर जसंच्या तसं सांगितलं.

"बरं," हर्टीना म्हणाली.

आठवड्याभरात तिचा गाल उतरला, ती कामावर जायला लागली. घरी मात्र गेली नाही. कामाच्या पाळीला निघण्याआधी रोज फोन करायची.

"गाल?"

"दोन्ही सारखे."

"कानाखाली दाबून बघ."

"बघितलं. हसतेय."

चौथा आठवडा संपत आला तेव्हा तिने विचारायच्या आधीच रोसिना म्हणाली, "दोन्ही सारखे. आणि ऐटेल म्हणतेय, धोका टळला, आता घरी या."

हर्टीना बुटाची नाडी बांधत होती. "ऐटेल म्हणतेय?"

"हो."

"अजून दोन दिवस जाऊ देत," ती म्हणाली आणि कामावर गेली.