सप्तापुरातली बेल्जियन बिअर

चार जणांनी मिळून काही करायला घेतलं, की ते साधो न साधो, किस्से मात्र साठतातच. आम्ही तर तिघंच. वसंत कॉलेजात केमिस्ट्री शिकवतो, गिरीशचं दुर्गदबैलाच्या बाजारात हार्डवेअरचं दुकान, आणि मी वकील. वसंताच्या डोक्यात शिरलं, की घरी बिअर करायची. तीही साधीसुधी नाही, बेल्जियन पद्धतीची, काळपट आणि कडक!

बिअर आंबवायचा ड्रम ठेवला सप्तापुरात, वसंताच्याच घरी, मागच्या खोलीत. घरात तो आणि त्याची आई. काकूंचं सोवळंओवळं कडक. "कॉलेजचा प्रयोग आहे," असं त्यांना सांगितलेलं. पण वसंताला धाकधूक होतीच. "आईला कळलं तर बॅग भरून बेळगावला धाकट्याकडे जाईल. मग हे घर मला खायला उठेल रे."

*

या बिअरला बेल्जियममध्ये एक खास काळी साखर घालतात. ती आणायची कुठून? गिरीशने अमरगोळहून गूळ आणला आणि अख्खी ढेप उकळत्या पातेल्यात सोडली.

"अरे, अर्धीच घालायची होती की!" वसंत ओरडला.

गिरीश शांतपणे म्हणाला, "उरलेली घरी नेली, तर बायको विचारणार ना, अर्धी कुठं गेली म्हणून."

*

पहिले काही दिवस ड्रम तापू द्यायचा नसतो. म्हणून त्याला ओलं गोणपाट गुंडाळलं, समोर टेबलफॅन लावला. नेमके लाइट गेले. मग आम्ही आळीपाळीने पुठ्ठ्याने वारा घालत बसलो.

"माझ्या लग्नात मलासुद्धा कुणी एवढा वारा घातला नव्हता," गिरीश म्हणाला.

*

बाटल्या भरल्यावर काही महिने हात लावायचा नाही, असा नियम. पण गिरीश दर रविवारी "जरा बघू की" म्हणत एक उघडायचा. मी साक्षीदार म्हणून हजर. आता साक्षीदाराला पेला नको का? बिअर मुरायच्या आतच संपली.

रिकाम्या बाटल्यांकडे बघून वसंत म्हणाला, "लग्नाआधीच वऱ्हाड जेवून गेलं."

*

दुसऱ्या खेपेला वसंताने आम्हाला ड्रमजवळ फिरकू दिलं नाही. बाटल्या भरायच्या आदल्या दिवशी ग्रहण आलं. ग्रहणाच्या आधी काकू घरातल्या खायच्या-प्यायच्या प्रत्येक वस्तूत तुळशीचं पान टाकतात. दूध, तूप, लोणचं, काही सुटत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पोचलो. वसंताने ड्रमचं झाकण काढलं आणि तसाच उभा राहिला. मी डोकावलो. बिअरवर तुळशीचं पान तरंगत होतं.

वसंताचा चेहरा पार उतरला. त्याने पान अलगद उचललं आणि तळहातावर घेऊन स्वयंपाकघराच्या दारात गेला. आम्ही त्याच्या मागे. काकू उप्पीट परतत होत्या. त्यांनी मान वर न करता सांगितलं,

"बेसिनमध्ये टाकू नको रे ते, कुंडीत घाल. आणि तिघं आधी खाऊन घ्या. असलं उपाशीपोटी घेऊ नये."