तीन कळ्यांचा मोदक

उकडीची वाफ तोंडावर आली की मला अजून लाज वाटते. लेक तेव्हा नऊ वर्षांची. डाउन सिंड्रोममुळे तिच्या बोटांत जोर कमी, माजिवड्याच्या थेरपिस्टबाई म्हणायच्या, "तिला कणीक, उकड हाताळू द्या." म्हणून त्या गणपतीत तिला मोदक वळायला बसवलं. पाऊण तास खपून तिने एका मोदकाला तीन कळ्या पाडल्या. तेवढ्यात सासरची माणसं आली आणि मी तो गुपचूप मोडून पुन्हा वळला. नैवेद्याचं ताट निरखत तिने विचारलं, "आई, माझा कुठाय?" मी बिनदिक्कत माझाच एक दाखवला. तिने बोटाने त्याच्या कळ्या मोजल्या आणि नंतर कधी उकडीला हात लावला नाही. यंदा मीच एक तीन कळ्यांचा वळून तिच्या पुढ्यात ठेवला. तिने तो फिरवून बघितला आणि परत दिला. म्हणाली, "हा तुझा आहे."