गाइडबाईंची पट्टी

सेंदाईत येऊन आम्हाला सहा वर्षं झाली होती. नवरा विद्यापीठात संशोधन करत होता आणि मी जपानी शिकून दुभाष्याची कामं घ्यायला लागले होते. बहुतेक कामं रटाळ. वॉर्ड ऑफिसात नव्या विद्यार्थ्यांचे फॉर्म भरून द्यायचे, दवाखान्यात कुणाची पोटदुखी डॉक्टरांना समजावून सांगायची, एखाद्या कारखान्यात पाहुण्यांना पंप कसा चालतो ते सांगायचं. त्यामुळे सिनेमाचं काम आहे असं कळल्यावर मी पुढचं काही न विचारता हो म्हणून टाकलं.

सिनेमा बेल्जियमच्या एका दिग्दर्शिकेचा होता. बाई चाळिशीतली, बारीक, सतत थंडी वाजत असल्यासारखी मफलर गुंडाळलेली. पाठीशी मोठी कंपनी नाही, सगळी मिळून आठ-नऊ माणसं. सिनेमा गाण्यांचा, म्हणजे पात्रं बोलता बोलता गायला लागतात तसला. एक तरुण मुलगी वडील गेल्यानंतर ते जिथे नोकरीला होते ते गाव बघायला जपानला येते. सहलीच्या बसमध्ये चढते, आणि बसमधली म्हातारी गाइड जे गाणं म्हणते ते नेमकं वडील घरी गुणगुणायचे ते असतं. प्रसंग जेमतेम सात-आठ मिनिटांचा, पण दिग्दर्शिका म्हणाली, "माझा अख्खा सिनेमा या बसवर उभा आहे."

जपानमध्ये सहलीच्या बसमधल्या गाइड गातात. टोपी, गणवेश, पांढरे हातमोजे, हातात माइक. डावीकडे हे देऊळ, उजवीकडे ती नदी असं सांगता सांगता त्या भागातलं एखादं गाणं म्हणतात. दिग्दर्शिकेला नटी नको होती, खरी गाइड हवी होती. म्हणून निवृत्त गाइडांच्या एका मंडळाला कळवलं, आणि वस्तीतल्या सभागृहाची तातामीच्या चटया घातलेली खोली तीन दिवसांसाठी घेतली.

बायका येत, बूट काढून आत येत, वाकून नमस्कार करत, एक गाणं म्हणत. दिग्दर्शिका वहीत काहीतरी लिही. मी प्रत्येकीला सांगे, "आभारी आहोत, कळवू." तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मला माझ्याच आवाजातल्या त्या 'कळवू'चा वीट आला होता.

त्यानंतर त्या आल्या. एकाहत्तर वर्षांच्या, ठेंगण्या, केस अगदी बारीक कापलेले. आल्या आल्या त्यांनी विचारलं, "उजवी खिडकी कुठली धरायची?"

मला कळेना. त्या म्हणाल्या, "गाताना मी उजवीकडे हात दाखवते. तिकडे नदी असते."

आम्ही बागेकडची काच दाखवली. त्या पाठ भिंतीला लावून उभ्या राहिल्या, जणू समोर प्रवासी बसलेत, आणि गायल्या. आवाज मोठा नव्हता, पण शब्द असा यायचा की वाटावं, हा मलाच सांगताहेत. एका ओळीला त्यांचा पंजा सावकाश काचेकडे वळला आणि आम्ही दोघीही तिकडे बघितलं. बाहेर सायकली लावलेल्या होत्या. दिग्दर्शिकेनं वहीत काही लिहिलं नाही. तिनं माझं मनगट घट्ट धरलं होतं.

आठवड्यानं स्टेशनजवळच्या कॅफेत त्यांच्याशी करार झाला. करार इंग्रजीत होता, आणि एकेक कलम तोंडी समजावून सांगायचं काम माझं. एका कलमात होतं की आवाजावर प्रक्रिया करण्याचा किंवा तो बदलण्याचा हक्क निर्मात्यांकडे राहील. मी दिग्दर्शिकेला विचारलं. ती म्हणाली, "हे सगळ्या करारांत असतंच." गाइडबाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी सांगितलं, "रेकॉर्डिंगमध्ये गाडीची घरघर वगैरे येते, ती काढून आवाज साफ करतात, त्याबद्दल आहे." 'बदलण्याचा' हा शब्द मी गाळला. मुद्दाम नाही. तो आडमुठा वाटला, म्हणून. त्यांनी मान हलवली आणि सहीऐवजी नावाचा शिक्का उमटवला.

शूटिंगच्या दोन आठवडे आधी संगीतकार आला. माणूस सभ्य. सभागृहातल्या पियानोवर तालमी सुरू झाल्या. त्यानं सिनेमासाठी बांधलेलं नवं गाणं गाइडबाईंनी दोन दिवसांत पाठ केलं, पण तिसऱ्या ओळीला सूर वर जाई आणि तिथे त्यांचा आवाज चिरे. संगीतकार दर वेळी "सुंदर" म्हणे, मी ते सांगे, आणि त्याचा चेहरा काही वेगळंच सांगे.

लहानपणी पुण्यात मी आठ वर्षं गाणं शिकले होते. परीक्षा पुऱ्या केल्या नाहीत, पण कान राहिला. दुखणं मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. पट्टी उंच होती. गाणं काळी पाचमध्ये बांधलेलं आणि गाइडबाईंचा गळा पांढरी पाचचा. पुण्यातल्या आमच्या गाण्याच्या बाईंच्या क्लासात असं झालं असतं तर त्यांनी पेटीवरचं बोट खाली सरकवलं असतं आणि विषय संपला असता. मी बोलले नाही. दुभाष्यानं स्वतःचं मत मध्ये घालायचं नसतं, हा या धंद्यातला पहिला नियम.

बुधवारी तालीम संपली, गाइडबाई सायकलवरून गेल्या. खोलीत आम्ही तिघंच उरलो. संगीतकार पियानो बंद करत म्हणाला, "चेहरा तिचा घेऊ. आवाज आपल्या तिकडच्या गायिकेचा. तो तयारच आहे."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. पण नाही. युरोपात एका सव्वीस वर्षांच्या गायिकेकडून हे गाणं त्यांनी आधीच गाऊन घेतलं होतं. जपानी शब्द तिनं ऐकून ऐकून बसवले होते. पट्टीही तिचीच होती. गाइडबाईंनी बसमध्ये नुसते ओठ हलवायचे.

"हे त्यांना माहीत नाही," मी म्हटलं.

"आत्ता सांगू नकोस, बिथरेल ती," संगीतकार म्हणाला.

दिग्दर्शिका मफलरच्या टोकाशी चाळा करत होती. "मी भांडले," ती म्हणाली. "निर्माते ऐकत नाहीत. शूटिंग झाल्यावर मी स्वतः सांगेन तिला. प्लीज."

घरी जेवताना मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "अगं, त्यांनी जे तिला सांगितलंच नाही, ते तू कसं भाषांतर करणार? तुझं काम बोललेलं पोचवायचं." त्याचं म्हणणं बरोबर होतं. मी मात्र ताट अर्धंच ठेवून उठले.

शुक्रवारी गाइडबाईंचा फोन आला. अगदी कुजबुजत बोलत होत्या. मी घाबरून विचारलं, "बरं नाही का?"

"बरी आहे. रविवारपर्यंत आवाज जपून ठेवतेय. घरातही बोलत नाही." मग म्हणाल्या, जुन्या नऊ मैत्रिणी बसमध्ये प्रवासी म्हणून बसायला येणार आहेत, त्यांनी कुठले कपडे घालायचे?

मी कपड्यांचं सांगितलं. शेवटी म्हणाले, "हो, जपा आवाज."

रविवारी सकाळी हिरोसे नदीकाठच्या रस्त्यावर बस उभी होती. बस कंपनीनं जुनी गाडी दिली होती, पण अकरापर्यंतच. अकराला तिला खरी सहल घेऊन जायचं होतं. सिनेमातल्या मुलीचे शॉट वेगळे घ्यायचे होते; आज नऊ म्हाताऱ्या ठेवणीतले कपडे घालून खिडक्यांशी बसल्या होत्या. गाइडबाई गणवेशात, पाठ ताठ. सव्वानऊ वाजले होते.

आवाजाचं काम बघणाऱ्या माणसानं पुढच्या सीटखाली एक छोटा स्पीकर लपवला आणि तो निघून गेला. गाइडबाईंच्या कॉलरला कुणी काही लावलं नाही. त्यांनी बसचा माइक हातात घेतला, बटण दाबलं, बोटानं टकटक केली. आवाज नाही. ड्रायव्हर म्हणाला, वायर काढून ठेवायला सांगितलीय.

त्यांनी मला हाक मारली. त्या मला नेहमी 'त्सूयाकु-सान' म्हणत, म्हणजे दुभाषीबाई. "त्सूयाकु-सान, माझा आवाज कुठून घेणार आहेत?"

मी प्रश्न इंग्रजीत केला. दिग्दर्शिका पटकन म्हणाली, "सांग की आवाज नंतर घेतात."

मी गाइडबाईंकडे वळले. तोंड उघडलं. मागे नऊ जणी ऐकत होत्या. मग मी सांगून टाकलं. आवाज तुमचा नसणार. युरोपातल्या एका मुलीचा आहे, आधीच घेतलेला आहे, तुम्ही फक्त ओठ हलवायचे आहेत.

त्यांनी बंद माइक परत हुकाला अडकवला.

"तुम्हाला कधी कळलं?" त्यांनी विचारलं.

"बुधवारी."

"आज रविवार आहे," त्या म्हणाल्या. आवाज चढला नाही. दरवाज्याजवळची गाइडची घडीची सीट खाली पाडून त्या तिच्यावर बसल्या आणि समोर रस्त्याकडे बघत राहिल्या.

"काय सांगितलंस तू तिला?" दिग्दर्शिकेनं विचारलं.

"खरं ते."

संगीतकाराचा चेहरा लाल झाला. "तुला हे कुणी विचारलं होतं? तू दुभाषी आहेस!" मी सीटची पाठ धरून ठेवली. पावणेदहा झाले. ड्रायव्हरनं घड्याळ बघितलं आणि बघितलंच नाही असं दाखवलं.

मग गाइडबाई माझ्याकडे न बघता बोलल्या, "यांना सांगा. चौतीस वर्षं मी गाडीत उभी राहिले. गाण्याची टेप कधी लावली नाही. सर्दी असली तर खालच्या सुरात म्हणायचे, पण मीच म्हणायचे. दुसऱ्याच्या आवाजावर मला तोंड हलवता येणार नाही."

मी शब्दन् शब्द सांगितला. आणि तिथे न थांबता पुढे म्हणाले, "गाणं यांच्या गळ्यापेक्षा तीन सूर वर आहे. खाली घेतलं तर त्या म्हणतील."

"हे ती म्हणतेय की तू?" संगीतकारानं विचारलं.

"मी."

"अख्खा वाद्यवृंद रेकॉर्ड झालाय. तो काय खाली ओढू?"

दिग्दर्शिकेनं आवाजवाल्याला खिडकीतून हाक मारली, "माइक किती आहेत तुझ्याकडे?"

"दोन."

"दोन्ही लाव. वाद्यं नकोत."

संगीतकार बसमधून उतरला आणि फुटपाथवर जाऊन पाठमोरा उभा राहिला.

दहा वाजून वीस मिनिटं. दिग्दर्शिका गाइडबाईंसमोर गेली आणि जपानी पद्धतीनं, जमेल तसं, कमरेत वाकली. हे भाषांतर करायची गरज नव्हती. गाइडबाई उठल्या. मला म्हणाल्या, "सूर द्या." तेवढंच. मी फोनमधलं तानपुऱ्याचं अॅप काढलं, पांढरी पाच लावली, दोन क्षण वाजू दिलं आणि बंद केलं.

बस निघाली. पहिल्या वेळी त्या दुसऱ्याच ओळीला अडखळल्या. रागानं त्यांचा श्वास पुरत नव्हता, ते मला दोन हातांवरून दिसत होतं. बस वळवून परत आणण्यातच दहा मिनिटं गेली. दहा चाळीस. आता एकदाच जमणार होतं. मागच्या सीटवरची एक मैत्रीण त्यांच्याकडे बघून काहीतरी दोन शब्द बोलली. सेंदाईकडच्या बोलीतले, मला समजले नाहीत. गाइडबाईंनी खांदे सैल सोडले.

या वेळी त्या गायल्या. तिसऱ्या ओळीला आवाज बारीक झाला, दोऱ्यासारखा, पण तुटला नाही. वळणावर हात उजवीकडे गेला आणि नऊ माना नदीकडे वळल्या. हे कुणी शिकवलेलं नव्हतं. सिग्नलला बस थांबली तेव्हा इंडिकेटरची टिकटिक गाण्यात मिसळली. दिग्दर्शिकेनं कट म्हटलं नाही.

अकराला पाच मिनिटं असताना बस रिकामी झाली. गाइडबाईंनी प्रत्येकाला वाकून नमस्कार केला. मलाही केला, इतरांना केला तेवढाच, ना कमी ना जास्त.

पुढचं शूटिंग कोबेच्या बंदरावर होतं. मी जाणार असं ठरलेलं होतं, पण दोन दिवसांनी कळवलं की तिथे दुसरी दुभाषी घेतली आहे. मला आश्चर्य वाटलं नाही. रडू मात्र आलं.

सिनेमा पुरा व्हायला वर्षावर गेलं. सेंदाईतल्या एका छोट्या थिएटरात त्याचा खेळ लागला तेव्हा दिग्दर्शिकेनं मेल करून आधीच सांगितलं होतं. पहिली दोन कडवी गाइडबाईंच्या आवाजात ठेवली आहेत, शेवटचं युरोपातल्या त्या गायिकेच्या. निर्मात्यांशी तेवढीच तडजोड झाली. अंधारात बसून मी ते ऐकलं. दुसऱ्या कडव्यानंतर वाद्यं येतात आणि पट्टी एकदम वर उडी मारते. ज्याला कान आहे त्याला खड्ड्यातून गाडी गेल्यासारखं लागतं.

गाइडबाई चार मैत्रिणींबरोबर आल्या होत्या. मी पाठवलेल्या पत्राला त्यांनी उत्तर दिलं नव्हतं. बाहेर आल्यावर मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, "त्या चार दिवसांबद्दल माफी मागायची आहे. आणि करारातला एक शब्दही मी गाळला होता."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "शूटिंग झालं त्याच संध्याकाळी करार नातीकडून वाचून घेतला."

मी मान खाली घातली. मग त्यांनी म्हटलं, "ती मुलगी चांगली गायली आहे. पण एक शब्द चुकीचा म्हणते. तुम्ही तिथे असायला हवं होतं."

हा टोमणा होता की आणखी काही, ते मला आजही नक्की सांगता येणार नाही. त्यांच्यातली एक मैत्रीण म्हणाली, आम्ही सोबाच्या नूडल्स खायला चाललोय, तुम्हीही चला. गाइडबाई हो म्हणाल्या नाहीत, नको म्हणाल्या नाहीत. मी गेले. टेबलाच्या टोकाला बसले. पाचही जणी जुन्या मार्गांबद्दल, घाटातल्या बर्फाबद्दल, कुठल्याशा ड्रायव्हरबद्दल त्यांच्या बोलीत भराभर बोलत आणि हसत होत्या. मला निम्मं समजत होतं, निम्मं नाही. कुणी समजावून सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. सोबा गरम होता. मी तो शेवटपर्यंत खाल्ला.