बारीककाकांचे काजवे

"दिवा बारीक करा हो!" ज्येष्ठातल्या संध्याकाळी आमच्या आळीत ही आरोळी आली की समजावं, काका कचेरीतून घरी पोचले, चहा झाला आणि स्वारी ओट्यावर येऊन बसली. विहिरीच्या बाजूला ज्यांच्या खिडक्या होत्या, त्यांनी मुकाट्याने कंदिलाची वात खाली करायची. यावरूनच त्यांना बारीककाका हे नाव पडलं. वास्तविक काका अंगाने चांगले भरदार. ओट्यावर ते बसले की दुसऱ्याला जागा उरत नसे.

तेव्हाची डोंबिवली म्हणजे स्टेशनाभोवतीच्या चार आळ्या आणि पुढे मानपाड्यापर्यंत भातखाचरं. लग्न होऊन मी कोकणातून काकांच्या शेजारच्या घरात आले. आळीच्या विहिरीवर एक जुना उंबर होता, आणि रोहिणी नक्षत्र निम्मं सरलं की तो काजव्यांनी भरून जाई. पहिल्याच भेटीत काकांनी विचारलं, "सूनबाई, तुमच्याकडे काजवे कधी दिसतात? रोहिणीत की मृगात?"

"कधी लक्ष देऊन पाहिलं नाही, काका."

"कोकणात लहानाची मोठी झालीस आणि पाहिलं नाहीस?" काका इतके हळहळले, की मला वाटलं आता हे सासूबाईंकडे तक्रार नेतात.

त्यांचं ज्ञान पुस्तकातलं नव्हतं. ते नुसते बघत. काजव्याचं पोर म्हणजे काळसर चपटी अळी. ती ओल्या पाचोळ्यात राहते आणि गोगलगायी खाते, हे त्यांनी विहिरीपाशी उकिडवं बसून शोधून काढलं होतं. तेव्हापासून उंबराखालचा पाचोळा कोणी पेटवायचा नाही असा त्यांचा हुकूम होता. "बाळंतिणीच्या खोलीला कोणी काडी लावतं का?" ते म्हणत. यावर काकू आतून म्हणत, "किड्यांची बाळंतपणं करताहेत! माझ्या चारही बाळंतपणांना हे कचेरीत होते."

एकदा समोरच्या घरी मुंज होती. संध्याकाळी अंगणात गॅसबत्ती टांगली. काकांनी यजमानांना काही न विचारता, उंबराकडच्या बाजूने तिच्यावर स्वतःचा कोट धरला. जेवणाच्या गप्पांत कोट बत्तीला टेकला आणि त्याला रुपयाएवढं भोक पडलं. तोच कोट घालून ते पुढे कितीतरी वर्षं कचेरीत गेले.

अशा माणसाच्या हातून घात व्हायचा तो झालाच. विहिरीच्या वाटेवर विषारी फुरशी निघत आणि पाण्याला जाणाऱ्या बायका जीव मुठीत धरून चालत. शेजारी ठाकुर्लीला वीज तयार होत होती, पण आमची आळी काळोखात. सगळ्यांनी मिळून दिव्यासाठी अर्ज करायचं ठरवलं. काकांचं इंग्रजी आळीची शान, म्हणून लिहायचं काम त्यांच्याकडे आलं. थंडीचे दिवस होते, उंबर तेव्हा नुसता उंबर होता. काकांनी झोकात लिहून दिलं: खांब विहिरीपाशी द्यावा.

दोन वर्षांनी, वैशाखात, माणसं आली आणि त्यांनी उंबराच्या बुंध्याशी चुन्याची खूण केली. काकांचा चेहरा उतरला. संध्याकाळी ते आमच्या घरी आले आणि माझ्या सासऱ्यांना म्हणाले, "काजवा उजेडाने बोलतो. त्याच्या डोक्यावर रात्रभर दिवा जळला, तर मादीला तो दिसणार कसा? दोन-तीन वर्षांत उंबर रिकामा होईल. आणि हे मी माझ्या हाताने लिहून दिलं."

सासरे म्हणाले, "सगळं खरं, पण किड्यांसाठी आमच्या लेकीसुनांनी फुरशावर पाय द्यायचा का?"

काका म्हणाले, "दिवा हवाच. माझ्या दारात लावा. वाट तिथूनच जाते, सगळी उजळेल. उंबराच्या बाजूला पत्र्याचा आडोसा केला की झालं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी तसा अर्ज लिहिला आणि खांब त्यांच्या ओट्यासमोर उभा राहिला. वाट उजळली आणि उंबर काळोखात राहिला. फक्त डोळ्यांवर दिवा आल्यामुळे काकांना ओट्यावरून काजवे दिसेनासे झाले. ते रोज उठून विहिरीपर्यंत जाऊ लागले. पुढे गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा मी पाहून यायची आणि काका वकिलासारखे उलटतपासणी घ्यायचे. "उजेड पिवळा की हिरवट? आधी कुठली फांदी लागली? पालीने किती खाल्ले?" माझे यजमान एकदा म्हणाले, "काका, तासभर दिवा बंद करवून घेऊ का?"

"नको रे. बायका पाण्याला जातात. दिवा त्यांचा आहे."

एका थंडीत काका गेले. पुढच्या रोहिणीत मी सवयीने विहिरीवर गेले. उंबर शेंड्यापर्यंत भरला होता. लगबगीने परतले, आणि ओट्यासमोर आल्यावर ध्यानात आलं की आता ऐकणारं कोणी नाही. मला रडूच आलं. काकू दारात उभ्या होत्या. उभ्या जन्मात त्या काजवे बघायला म्हणून कधी विहिरीवर गेल्या नव्हत्या.

"आले का गं?" त्यांनी विचारलं.

मी मान डोलावली. काकूंनी पायांत वहाणा सरकवल्या आणि माझा हात धरला.

"चल, दाखव मला. मी वर गेले की हे पहिलं तेच विचारतील."