डॉक्टरांच्या फटफटीचे सहा बोल्ट

लोणार नावाचं एक गाव आहे. तिथं बसस्टँडजवळ कडुलिंबाखाली सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. दुकानात किसन मिस्तरी होता आणि मिस्तरीची बायको होती, ती मी. नवऱ्याचं नाव हे एकदाच घेतलं. पुढं 'आमचे हे' आलं की तेच समजायचं. शेजारी सुभानभाई लोहाराचा भाता. तिकडं बीबी गावाला माझे सासरे, मामंजी. आणि या सगळ्यांना कामाला लावणारी गुरांच्या डॉक्टरांची फटफटी.

महाराष्ट्र नुकताच झाला होता, तेव्हाची गोष्ट. किस्से कुणी ठरवून जमवत नाही. माणूस पोटापाण्याचं काम करत असतो, आणि मागं वळून बघावं तर ढीग झालेला असतो. माझा ढीग एका फटफटीच्या सहा बोल्टांचा आहे.

*

सुरुवात माझ्याच हातून झाली, ते आधी कबूल करते.

आमच्या तळ्याचं पाणी खारं. कपड्याला लावलं की बिनसाबणाचा फेस येतो, तेलकट भांडं लख्ख निघतं. डॉक्टर पुण्याकडचे, नवेच आलेले. दर आठवड्याला फटफटी धुवायला आमच्याकडं देत. मी म्हटलं, साबण काहाले नासवायचा? तळ्यातून दोन घागरी चढवून आणल्या. फटफटी अशी चमकली की डॉक्टर तिच्या टाकीत बघून भांग पाडून गेले. मग काय, वर्षभर तेच.

वरून चमक, आतून मीठ. मागच्या चाकाला एक दात्यांची चकती असते, तिच्यावर चेन फिरते. एक दिवस तिचे दात तुटले. डॉक्टरांनी अकोल्याहून नवी चकती बोल्टांसकट मागवली. जुनी काढायला गेलो, तर सहाही बोल्ट गंजून चकतीशी एकजीव झालेले.

"यंदा पाऊसही धड नाही. एवढा गंज आला कुठून?" डॉक्टरांनी विचारलं.

आमच्या ह्यांनी माझ्याकडं बघितलं. माझ्या कमरेवर घागर होतीच. सांगून टाकलं सगळं.

डॉक्टर टाकीवरून बोट फिरवत राहिले. मग हळूच म्हणाले, "मेहकरच्या माझ्या मित्राला मीच हा उपाय कळवलाय. पत्र लिहून."

*

आम्हाला मात्र हसू येण्यासारखं नव्हतं. मामंजींनी एसटीच्या कंडक्टरबरोबर निरोप धाडला होता, "पोळ्यापर्यंत दुकान चाललं तं ठीक, नाही तं बीबीले वापस या. वखर हाकाले मानूस नाही."

आमचे हे शेतकऱ्याचे पोर खरे, पण लहानपणी बैलानं उचलून फेकलेलं. तेव्हापासून बैल दिसला की रस्ता बदलायचे. लोखंड हातात आलं की मात्र तोंडावर तेज यायचं. गावात सायकली मोजक्या, त्यांच्यावर दुकान चालेना. ब्लॉकच्या, म्हणजे सरकारी विकास गटाच्या, ऑफिसात चार फटफट्या होत्या, आणि तिथले साहेब लोक बघत होते की डॉक्टरांची निघते का. ही निघाली तर त्या चारही आमच्याकडं. नाही तर आमचं बिऱ्हाड बीबीला, आणि ह्यांच्या हाती कासरा.

पोळ्याला आठ दिवस होते.

*

पहिल्या दिवशी ह्यांनी सकाळपासून पाना लावून जोर केला. तळहाताला फोड आले, बोल्ट ढिम्म.

मी कंदिलातलं घासलेट आणून सहाही बोल्टांवर ओतलं आणि म्हटलं, "आता दोन दिवस हात नका लावू."

"दोन दिवस? अन् डॉक्टरले काय सांगू?"

"लोणचं मुरू देता ना? तसं मुरू द्या."

दुपारी डॉक्टरांचा चपराशी आला. "साहेब विचारून राह्यले, कुठवर आलं?"

आमचे हे मान वर न करता म्हणाले, "बोल्ट मुरून राह्यले."

चपराशानं जाऊन तसंच सांगितलं. संध्याकाळी डॉक्टर स्वतः आले. त्यांनी फटफटीकडं नाही, माझ्या चुलीकडं आधी बघितलं.

तिसऱ्या दिवशी दोन बोल्ट कुरकुरत निघाले. घासलेट संपलं. आम्ही अंधारात जेवलो, पण भाकरी गोड लागली.

*

तिसऱ्या बोल्टाला सुभानभाईंनी नळाचा लांब पाईप आणला. पाईप पान्यात अडकवला की दांडा लांब होतो आणि जोर दुप्पट लागतो. एका बाजूनं आमचे हे, दुसऱ्या बाजूनं सुभानभाई, दोघं पाईपाला लोंबकळले. पाना सटकला. सुभानभाई पंक्चर बघायच्या पाण्याच्या घमेल्यात जाऊन बसले.

"भाभी, हसू नका," ते तिथूनच म्हणाले. "बाहेर काढा पहिले."

त्यांना काढताना माझं लक्ष गेलं. समोरून काम करायचं सोडून हे दोघं चाकाच्या मागच्या बाजूला जाऊन उभे होते. मागं गेलं की फिरवायची बाजू उलटी होते. मी म्हटलं, "अवं, तुमी बोल्ट खोलून नाही राह्यले, आवळून राह्यले."

अर्धा तास घाम गाळून त्यांनी बोल्ट आणखी घट्ट केला होता.

पण गंमत बघा. आता खोलायच्या बाजूनं फिरवला, तर टक्कन आवाज आला आणि बोल्ट सुटला. आवळताना गंज फुटला होता. दाव्याची गाठ सुटत नसली की आपण आधी दोर आत ढकलतो, तसंच हे. चौथा बोल्ट मग मुद्दाम थोडा आवळून काढला.

त्या दिवसापासून सुभानभाई गावभर सांगत सुटले की ही युक्ती त्यांनी पाण्यात बसून शोधली.

*

पाचव्या बोल्टाचं डोकंच झिजून गोल झालं. पाना धरेना. सुभानभाई म्हणाले, "इसको आग देनी पडेगी." सळई भट्टीत लाल केली आणि नेमकी बोल्टावर टेकवायला घेतली, तेवढ्यात डॉक्टर धावत आले.

"अहो, थांबा! टायर जळेल माझं."

या डॉक्टरांचं मोठं भाषण होतं. दर बाजाराच्या दिवशी चावडीवर उभं राहून सांगायचे, आजारी गुराला तापलेल्या लोखंडानं डागू नका, पाप आहे. सगळा गाव ते ऐकून कंटाळला होता.

सुभानभाईंनी लाल सळई तशीच हातात धरली आणि अदबीनं म्हणाले, "डॉक्टरसाब, गुरांले डागू नका म्हणाले, सोडून देलं. आता लोखंडाले तरी डागू द्या."

डॉक्टर बाजूला सरले. बोल्ट तापला, वरून घागरभर थंड पाणी पडलं, छन्नी लावून तीन ठोके. पाचवा मोकळा.

पाणी गोड्या विहिरीचं होतं. डॉक्टरांनी ते आधी चाखून बघितलं होतं.

*

सहावा काही केल्या निघेना. मुरवला, आवळला, डागला. छन्नी तुटली.

पोळ्याला दोनच दिवस उरले. डॉक्टर म्हणाले, "मिस्तरी, तुम्ही कष्ट केले, पण आता ही जालन्याच्या गॅरेजात जाऊ दे. बीबीहून ट्रक मिळतो."

आमचे हे म्हणाले, "चाक एकटं पाठवू साहेब. आलं की मी बसवतो."

"तुम्ही बसवणार आणि मी त्यावर बसणार? गाडीच जाऊ दे."

पहाटे गाडीवानासकट भाड्याची बैलगाडी आणली. फटफटी आडवी घातली, नवी चकती, बोल्ट आणि पानेही घातले. तिच्या शेजारी मी आमची भांडी, पाटा-वरवंटा, अंथरूण, सगळं बिऱ्हाड ठेवलं. आमचे हे बैलांकडं न बघता पार मागं, फटफटीला धरून बसले. खडीच्या रस्त्यावर गाडी अशी आदळत होती की माझे दात वाजत होते.

दुपारी बीबीला पोचलो. डॉक्टर एसटीनं आधीच येऊन मामंजींच्या ओट्यावर चहा पीत होते. मामंजी अंगणात आले. लेक बिऱ्हाड घेऊन आला, सून दमली, फटफटी मोडली, काही दिसलं नाही त्यांना. दिसले ते बैल.

"आज खांदेमळणी हाये, अन् बैलाच्या खांद्यावर जू? लाज वाटते का नाही? सोडा पहिले."

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाच्या खांद्याला लोणी-हळद चोळतात, त्या दिवशी त्याला जुंपत नाहीत. बैल सोडले. ट्रक गाठायचा राहिला. मामंजींनी घरच्या बैलांबरोबर त्या भाड्याच्या बैलांचेही खांदे मळले, त्यांच्याशी बोलत बोलत. वाटीत थोडं लोणी उरलं. ते घेऊन फटफटीपाशी आले.

"हे काऊन आडवं पडलं?"

"एक बोल्ट निघून नाही राह्यला, बाबा," आमचे हे म्हणाले.

"कोनता?"

ह्यांनी बोट दाखवलं. मामंजी उकिडवे बसले आणि उरलेलं लोणी-हळद त्या बोल्टाला चोळू लागले. बैलाला चोळतात तसंच, अंगठ्यानं, गोल गोल. डॉक्टरांनी कप खाली ठेवला. मामंजी पुटपुटत होते, "दमलं असन बिचारं. किती ओढायचं एकट्यानं."

मग म्हणाले, "पाह्य आता."

आमच्या ह्यांनी पाना लावला. जोर करायची वेळच आली नाही. बोल्ट फिरला, आणखी फिरला, आणि हातात आला. हे तो हातात फिरवून बघत राहिले. मग एकदम लहान पोरासारखे हसायला लागले. मला रडू आलं, ते मी पदरात घेतलं.

दिवस मावळायच्या आत नवी चकती बसली, चाक बसलं, चेन चढली. डॉक्टरांनी किक मारली आणि बीबीभर आवाज घुमला. ते एक फेरी मारून आले आणि म्हणाले, "मिस्तरी, ब्लॉकच्या साहेबांना मी आजच सांगतो. पोळा झाला की चारही गाड्या तुमच्या झाडाखाली."

बिऱ्हाड गाडीतून उतरवायला मी उठले, तर मामंजींनी हात आडवा केला. "राहू दे पोरी. पोळा झाला की हेच बैल तुमाले वापस नेतीन लोनारले."

आमचे हे पाया पडले. मामंजी वाटीतली शेवटची हळद पुसत म्हणाले, "दुकान चालू दे. अन् अडलं काही तं मले बोलावजो."