संताला शिव्या घालणारी इम्माकोलाता

नेपल्समधले राजवाडे झाले, किल्ला झाला, जमिनीखालची थडगी झाली की प्रवासी मोठ्या चर्चमध्ये इम्माकोलाताला पाहायला येतात. निदान वाटाड्या गाएतानो तरी तिला त्याच रांगेत बसवतो. सप्टेंबरात सान जेन्नारोच्या सणाला कुपीतलं संताचं सुकलेलं रक्त पातळ व्हावं लागतं. नाही झालं तर शहराचं काही खरं नसतं. म्हणून पहिल्या बाकावरच्या म्हाताऱ्या, स्वतःला संताच्या नातलग म्हणवणाऱ्या, ते पातळ होईपर्यंत त्याला घरच्यासारख्या शिव्या घालतात. त्यांच्यात ही सगळ्यात तिखट.

यंदा मात्र ती वेदीवरच्या संताच्या सोनेरी अर्धपुतळ्यापुढं हात जोडून बसली होती. नातवाचं, सावेरियोचं, हृदयाचं ऑपरेशन सकाळीच सुरू झालं होतं. आज संताला दुखवायचं नाही, असं तिनं पक्कं ठरवलं होतं.

"महाराजा, कृपा असू द्या," ती पुटपुटली.

शेजारची रफाएला चमकली. "असू द्या? अगं, तो ओळखेल तरी का तुला?"

बिशपांनी कुपी कलती केली. रक्त हललं नाही. पुन्हा केली. तसंच. बाकावरच्या सगळ्या इम्माकोलाताकडे बघू लागल्या. मागून गाएतानो वाकला, "मावशी, पाहुणे लांबून आलेत. दोन शिव्या तरी हासडा."

"पाहुण्यांना म्हणावं, समुद्र बघा जा!"

पण तिच्या मनात आलं, गोड तर परक्याशी बोलतात. आपण परक्यासारखं वागलो म्हणून हा रुसला असेल तर? मुठीतला फोन गप्पच होता. तिच्यानं बसवेना. ती ताडकन उठली.

"अरे पिवळ्या तोंडाच्या! सोन्याचा मुखवटा घालून बसलायस नुसता! तिकडं पोर छाती उघडून पडलंय आणि तुला झोपा सुचतायत? जन्मभर तुझ्यापुढं घसा फोडला, त्याचे हे पांग फेडतोस? ऊठ, मेल्या!"

ती ओरडतच होती, तेवढ्यात वेदीपाशी रक्त पातळ झाल्याच्या खुणेचा पांढरा रुमाल हलला. टाळ्या कडाडल्या, बाहेर तोफा उडाल्या, म्हाताऱ्या एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. रफाएलानं तिची बाही ओढली. "पुरे गं आता! झालं की पातळ!"

"तुमचं झालं," इम्माकोलाता म्हणाली. "माझा अजून आत आहे."

फोन छातीशी धरून ती पुन्हा त्या सोनेरी तोंडाकडे वळली. "आणि तू रे, हसतोस काय?"